नाव घातलेला पेला

मॅरेथॉनचं नाव काढलं की मला आधी वास येतो. दुखऱ्या पोटऱ्यांवर मारायच्या फवाऱ्याचा, उन्हात काळ्या पडलेल्या केळ्यांच्या सालींचा, डांबरावर सांडून चिकट झालेल्या गोड पाण्याचा आणि एकमेकांना घासत चाललेल्या शेकडो अंगांचा. माझ्या आत्ताच्या घरासमोरच्या रस्त्यावरून थंडीच्या दिवसांत दोन-तीन तरी शर्यती जातात. पहाटेपासून कर्णा बोंबलतो, कुणीतरी तरुण मुलगा माइकवर सगळ्यांना ‘एनर्जी’ मागत असतो, आणि नऊच्या सुमाराला रस्ता असा दिसतो की वरातीनंतरचा मांडव बरा. चुरगळलेले कप, चोखून टाकलेल्या पुड्या, थुंकी. शेजारची पोर मला विचारते, “काकू, तुम्ही पण धावायचात ना?” धावायचे. म्हणून तर खिडकी लावून घेते, असं मनात म्हणते आणि तिला लाडू देते.

आमची वस्ती महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गावाच्या जरा अलीकडे. वीस-बावीस घरं, एक विहार, एक पिंपळ, आणि रस्त्याच्या कडेने एक गटार, ज्याला पावसाळ्यात आम्ही कौतुकाने ओढा म्हणायचो. बाबा पोलादपूरला कचेरीत कारकून. रोज एसटीने जायचे-यायचे, आणि कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. आई अंगणवाडीत मदतनीस होती. घर दोन खोल्यांचं आणि मागे पडवी, पडवीत चूल. गॅस होता, पण भाकरी आणि सुकट आईला चुलीवरच लागायची. सुकट भाजली की तिचा वास घरभर फिरून दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसायचा. माझ्या सरावाच्या टी-शर्टमध्येही. एकदा कॉलेजच्या मैदानावर माझ्या शेजारी व्यायाम करणाऱ्या एका मुलीने काही न बोलता आपली सतरंजी चार हात लांब नेऊन टाकली. मी त्या दिवशी घरी येऊन आईशी भांडले. सुकटीवरून भांडले, मुलीचं नाव काढलं नाही. आईने माझं ताट वाढलं आणि सुकटीची वाटी उचलून आपल्याकडे घेतली.

एकोणीस वर्षांची होते आणि मला घराची किळस यायची. आता खरं लिहायलाच बसले आहे, तर हेही लिहिते. पडवीतल्या धुराची, ओल्या गोधडीची, वारा फिरला की कारखान्यांकडून येणाऱ्या औषधी वासाची, आणि आईच्या मांडणीवरच्या त्या भांड्यांची. भांडी म्हणजे आईचा जीव. आमच्याकडे लग्नात, नामकरणाला, वास्तूला भांडीच द्यायची पद्धत. दुकानदार मशीनने टरटर आवाज करत भांड्यावर देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं घालून द्यायचा. त्यामुळे आमच्या पाहुण्याला पाणी प्यायला मिळायचं तेही कुणाच्या तरी नावाचं. माझ्या नामकरणाला मामाने दिलेला एक जाड बुडाचा पेला होता. त्यावर ‘चि. सुजाता हीस मामाकडून’ असं लिहिलेलं, आणि ‘सुजाता’मधला ‘ता’ कडेला जागा न उरल्यामुळे दाटीवाटीने खाली गेलेला. आईचा कान असा की हातातून भांडं पडलं तर ती अंगणातूनच ओळखायची. “काय पाडलंस गो? काकीची वाटी ना?” मी हसत नव्हते तेव्हा. मला वाटायचं, या बाईला जगात दुसरं काही ऐकूच येत नाही.

मला तिथून बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडायला माझ्याकडे पायांशिवाय काही नव्हतं. कॉलेजचे क्रीडाशिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी माझे पाय पाहिले होते. त्या वर्षी कुणा मुंबईच्या मंडळींनी महाडात अर्ध मॅरेथॉन भरवायचं ठरवलं. कॉलेजच्या मैदानावरून निघायचं, रायगडाच्या रस्त्याने साडेदहा किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. सर म्हणाले, “बायकांत पहिल्या तिनात आलीस, तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी तुझं नाव मी स्वतः पाठवतो. चौथी आलीस तर मला शिफारस करायला तोंड राहणार नाही.” तोवर मी सलग सोळाच्या पुढे कधी धावले नव्हते. पण पुणे हा शब्द ऐकल्यावर मला सोळा काय आणि एकवीस काय.

सरांनी दोन महिने घासून घेतलं. चढ कसा घ्यायचा, श्वास कसा, आणि पाणी कसं. पाण्यावर त्यांचा फार जोर. मैदानाच्या कडेला ते बाकावर कागदी कप मांडायचे आणि मला पळत येऊन ते उचलायला लावायचे. तीन बोटांत चिमटायचा, दोन घोट घ्यायचे, फेकायचा. पहिल्या दिवशी मी कप घेतला, प्यायले आणि तो ठेवायला जागा शोधत थांबले. सर कपाळावर हात मारून म्हणाले, “पाहुणी आलीयेस का? फेक. उचलायला माणसं असतात. आणि मागे वळून बघायचं नाही, कोण देतंय तेही बघायचं नाही. नजर पुढच्याच्या टाचेवर.” मला फेकायला जमेना. हाताला सवयच नव्हती. मग त्यांनी रोज वीस-वीस वेळा करून घेतलं, इतकं की शेवटी हात आपला आपण करायला लागला. मला त्याचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की तोंड कडू होतं.

रस्त्यावरच्या गावांनी धावणाऱ्यांना पाणी द्यावं असं ठरलं होतं. त्याकरता मुंबईहून एक तरुण समन्वयक गाडी घेऊन आला, गळ्यात ओळखपत्र आणि प्रत्येक वाक्यात ‘गाईज’. गावात देवळापाशी एक टेबल लागणार होतं. आमच्या वस्तीतल्या बायकांनी आपलं वेगळं मागून घेतलं. दोन टेबलं इतक्या जवळजवळ कशाला, असं तो विचारत होता. बाबा म्हणाले, “असू द्या. ज्याला जिथे प्यावंसं वाटेल तिथे तो पिईल.” त्याला काही कळलं नाही, आणि कळवायची कुणाला हौस नव्हती. महाडच्या पंचक्रोशीत पाण्याविषयी आम्हा लोकांना नव्याने शिकवावं लागत नाही. तो पाण्याचे जार आणि कागदी कपांची दोन खोकी ठेवून गेला. पहाटे पाचला मैदानावर हजर व्हायचं म्हणून आदल्या दिवशी मी शहरात मैत्रिणीकडे राहायला गेले. निघताना ती खोकी दारात होती, एवढंच मला ठाऊक.

सकाळी मैदानावर जे पाहिलं त्याने माझी भूकच मेली. कर्ण्यावर गाणी, आणि गाण्यांवर मोठमोठी माणसं हात वर करून उड्या मारत होती. याला म्हणे अंग गरम करणं म्हणतात. फिरत्या संडासांची रांग, तिच्या खालून वाहणारं पाणी, आणि त्या पाण्यात उभं राहून स्वतःचे फोटो काढणारी माणसं. एका गृहस्थाने माझ्यासमोर सदऱ्याच्या आत हात घालून काखेत व्हॅसलीन चोळलं आणि तीच डबी माझ्यापुढे धरली, “ताई, पहिलीच वेळ ना? लावून घ्या.” माझ्या बुटांकडे बघून एक बाई दुसरीला हळूच काहीतरी म्हणाली. ज्या माणसांसारखं व्हायचं म्हणून मी आईची सुकट बंद करायला निघाले होते, ती माणसं ही. तरीही खरं सांगायचं, तर त्या क्षणी मला त्यांची किळस आली आणि त्यांच्यात असण्याचा आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी.

शिट्टी झाली. पहिले दोन किलोमीटर नुसती चेंगराचेंगरी. पुढचा माणूस नाक शिंकरायचा, वाऱ्याने ते मागच्यावर यायचं. शहर संपलं, नदीकडचा गारवा लागला, जरा मोकळं झालं. मी आठ-दहा जणांच्या घोळक्यात होते. साडेतीन किलोमीटरच्या आसपास दूरवर पिंपळ दिसला आणि त्याच्याखाली पांढऱ्या साड्या. आमच्या बायका पांढरी साडी जयंतीला किंवा लग्नाला नेसतात. आज नेसल्या होत्या, कारण त्यांच्या दारात पाहुणे येणार होते. त्यांच्यात आई कुठे आहे ते मी शोधू लागले. आणि लगेच सरांचं वाक्य आठवलं. मी नजर पुढच्याच्या टाचेवर ठेवली. डावीकडून एक हात पुढे आला. मी तीन बोटांनी घेतलं, दोन घोट प्यायले. जड लागलं. बोटांना गार लागलं. हे सगळं मला समजत होतं, पण हात शिकलेला होता आणि हाताने फेकलं.

मग आवाज झाला. डांबरावर जाड बुडाचा स्टीलचा पेला आपटला, एकदा, दोनदा, आणि घरंगळत गटारात गेला. तो आवाज मी जन्मापासून ओळखत होते. काय पाडलंस गो, हे मला स्वच्छ ऐकू आलं, कुणी म्हटलं नव्हतं तरी. मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या मागोमाग बाकीच्यांचेही पेले पडू लागले, ठण ठण ठण, कुणी आईची अख्खी मांडणी रस्त्यावर पालथी केल्यासारखे. घोळक्यातला एक जण हसत म्हणाला, “अरे, स्टील के ग्लास! क्या बात है,” आणि हातातला त्यानेही उडवला.

पुढचं अंतर मी कशी धावले ते चवीने सांगण्यासारखं काही नाही. साडेदहा किलोमीटरला वळताना तिथल्या पोरांनी खूण म्हणून हातात एक रबरी पट्टी घातली आणि ताकदीची म्हणून एक चिकट पुडी दिली. ती चोखली. बामात साखर घातल्यासारखी लागली. तेराव्या किलोमीटरला ती वर आली आणि मी धावता धावताच रस्त्याच्या कडेला ओकले, थोडं माझ्या बुटावर. मांड्या आतून सोलवटल्या होत्या, घाम तिथे मिठासारखा झोंबत होता. वळणावर मी समोरून येणाऱ्या बायका मोजल्या होत्या. पुढे चार. पंधरापर्यंत दोघी मागे पडल्या. म्हणजे मी तिसरी. माझ्या टाचेशी मात्र जांभळ्या बुटांची एक बाई चिकटली होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता, आणि त्याला त्याच पुडीचा वास होता.

साडेसतराला पुन्हा पिंपळ आला. टेबलावर आता एकही पेला नव्हता. शेजारची शेवंताकाकी पाटी घेऊन रस्त्याच्या कडेने वाकत चालली होती आणि पडलेले पेले गोळा करत होती. बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात रस्त्याच्या मधोमध उभे राहून, दोन्ही हात पसरून लोकांना बाजूने जायला सांगत होते, कारण त्यांच्या पायाशी काही पेले पडलेले होते आणि ते कुणी तुडवू नयेत. आणि आई गटारात होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एक हात कोपरापर्यंत काळ्या पाण्यात. ती चाचपडत होती. मला पाहून तिने मान वर केली. मी दोन पावलं हळू झाले. जांभळे बूट माझ्या बरोबरीला आले. आईने ते बघितलं. ती म्हणाली, “थांबू नको गो. पल.”

आणि मी पळाले. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ती तसं म्हणाली नसती तर मी थांबले असते. खोटं आहे. मी तिच्या म्हणण्याची वाटच बघत होते.

मी तिसरी आले. सरांनी सगळ्यांसमोर मला उचलून धरलं. गळ्यात पदक घातलं, ते इतकं हलकं की वाऱ्याने उलटं व्हायचं. बाराच्या टेम्पोने मी वस्तीवर उतरले तेव्हा समन्वयक जार न्यायला आला होता आणि आमच्या अंगणात तावातावाने बोलत होता. “मावशी, पेपर कप दिले होते ना तुम्हाला? तुमच्या ग्लासमुळे कुणी पडलं असतं तर? पाय मुरगळला असता तर जबाबदार कोण? खाली पडलेला एक ग्लास ॲम्ब्युलन्सच्या चाकाखाली गेला, टायर फुटायचा राहिला.” आई पायरीवर बसून पेले राखेने घासत होती. बाबा आत गेले, कॉटखालून दोन्ही खोकी ओढून आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. “हे तुमचे,” बाबा म्हणाले, “एकही वापरलेला नाही.”

“पण का?” त्याने विचारलं. त्याला खरंच समजत नव्हतं. आईने हातातला पेला खाली ठेवला.

“माज्या बापाला हाटेलात च्या करवंटीत देयाचे, बाबा. प्याला की त्यानंच ती लांब टाकायची. परत कुनाच्या तोंडाला लागाय नको म्हनून. टाकायच्या भांड्यात मी कुनाला पानी देनार नाय. जे मी धुऊन उद्या पिनार, त्यातच देनार.”

तो मग खोकी आणि जार गाडीत घालून निघून गेला. जाताना “सॉरी मावशी” म्हणाला असावा, पण गाडीतलं गाणं चालू झालं होतं.

अंगणात बायका जमल्या. आई एकेक पेला पुसून त्यावरचं नाव वाचायची आणि ज्याचा त्याला द्यायची. हा शेवंताचा, हा तुझ्या दिराच्या लग्नातला, हा मयत सासूचा. काहींना पोचे आले होते, काहींच्या कडा वाकल्या होत्या, एकाच्या नावावरून ओरखडा गेला होता. मला ती बाई हे सगळं इतक्या शांतपणे कसं करते, तेच कळेना. उलट तिच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. शेवंताकाकीला ती सांगत होती, “सगली प्याली गो. गावातल्या वरच्या आलीतला तो धावनारा पोरगा पन प्याला. आपल्या दारात त्याच्या बापानं कदी पान्याला हात नाय लावला. तो प्याला.”

माझा तोल गेला. “प्याला आणि फेकला, आई. तोंड लावलं आणि गटारात टाकला. त्यात काय एवढं मिरवायचं? तो शर्यतीसाठी टाकत होता की आणखी कशासाठी, हे तरी तुला ठाऊक आहे का? शिसारी आली मला त्या सगळ्यांची.”

“टाकू दे,” आई म्हणाली. “प्याला का नाय, ते सांग.” आणि मग माझ्याकडे न बघता, पुढचा पेला पुसता पुसता, आवाज जराही न चढवता म्हणाली, “तुझा मीच पुढं केला होता. तुझ्याच नावाचा. म्हटलं, पोरीला कलंल.”

मी गळ्यातलं पदक काढून मुठीत धरलं आणि उभी राहिले. माझ्या बुटावरची ओकारी वाळली होती, तिचा वास येत होता. त्या दिवसभरात ज्या-ज्या गोष्टींची मला किळस आली, त्या सगळ्यांपेक्षा मला माझ्या उजव्या हाताची जास्त आली. तो धुवून जाणार नव्हता हे तेव्हाही मला कळलं.

ॲम्ब्युलन्सच्या चाकाखाली गेलेला पेला माझाच होता. आईने गटारातून वर काढल्यावर शेवंताकाकीने तो कडेला ठेवला होता, तिथून तो पुन्हा घरंगळत रस्त्यावर आला होता. पार चपटा झालेला. आईने तो पाट्यावर धरून वरवंट्याच्या टोकाने आतून हळूहळू ठोकून गोल केला. दोन दिवस ठोकत होती. बाजू बऱ्याच सरळ आल्या, ‘ता’सुद्धा वाचता येऊ लागला. बूड मात्र सपाट झालं नाही.

सरांनी शब्द पाळला आणि जूनमध्ये मी पुण्याला गेले. पुढे मी पुष्कळ शर्यती धावले, काही जिंकले, आणि प्रत्येक ठिकाणी कप हातात घेऊन फेकायची टोपली येईपर्यंत धावत राहिले. एका शर्यतीत त्यामुळे पहिला नंबर गेला, तेव्हा सरांनी मला मूर्ख म्हटलं आणि मी त्यांना कारण सांगितलं नाही. घरी मी सुट्टीला यायचे. कधी मैत्रिणी बरोबर असायच्या, पुढे नवरा, पुढे मुलं. आई त्या सगळ्यांना मांडणीवरच्या चांगल्या पेल्यांतून पाणी द्यायची. मला मात्र नेहमी तोच. तोंडाने कधी काही बोलली नाही. मला वाटतं, तिच्या मनात राग नव्हता. माझ्या नावाचा होता, म्हणून मला द्यायची.

आई गेल्यावर मांडणीवरच्या भांड्यांची वाटणी झाली तेव्हा मी तेवढाच मागून घेतला. अजून रोज त्यातूनच पाणी पिते. त्याचं बूड वाकडं आहे, खाली ठेवला की कलंडतो. पाणी संपेपर्यंत हातातच धरून बसावं लागतं.